साडेतीन किलोंची अट

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिचं वजन १ किलो ९०० ग्रॅम होतं. तिच्यासाठी दोन महिने आधीच घेऊन ठेवलेल्या बेबी कॅरिअरच्या खोक्यावर ‘किमान वजन ३.५ किलो’ असं ठळक छापलेलं होतं. ते मी वाचलं होतं, आणि वाचून खोकं कपाटावर ठेवून दिलं होतं. पुढे जे घडलं त्यात मला कुणी फसवलं नाही, कुणी माहिती लपवली नाही. चुका माझ्या आहेत आणि त्या जशा झाल्या तशाच सांगते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. आहेराचे पैसे आले होते, त्यातून मला बाळाची एक गोष्ट स्वतःच्या पसंतीने घ्यायची होती. झबली-टोपडी आई शिवत होती, पाळणा सासरचा होता. राहिलं कॅरिअर. मी घरून हिशेब तपासणीचं काम करते. बाळ अंगावर बांधलेलं आहे, हात मोकळे आहेत आणि मी लॅपटॉपवर काम करते आहे, हे चित्र मनात पक्कं बसलं होतं. पंधरा दिवस रात्री जागून मी कॅरिअर शोधले. कंबरेचा पट्टा किती रुंद, खांद्याला गादी किती जाड, खिसे किती, पुढून-मागून-कडेवर असं किती प्रकारे बांधता येतं, हे सगळं पाहिलं. या यादीत बाळाच्या अंगाशी संबंध असलेली एकही गोष्ट नव्हती, हे आता लिहिताना दिसतं. किमान वजनाचा आकडा मी असा वाचला, जसा आपण धान्याच्या पिशवीवरचा पत्ता वाचतो. जाहिरातीतल्या गुबगुबीत बाळासारखंच आपलं बाळ असणार, असं गृहीत धरलं होतं.

आपल्याकडे दिवस भरून जन्मलेली बाळंही पावणेतीन-तीन किलोंच्या आसपासच असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, जन्मतः वजन झालेल्या बाळांपैकी सुमारे १८ टक्के बाळं अडीच किलोंच्या आतली होती. म्हणजे साडेतीन किलोंची अट असलेलं कॅरिअर आपल्या बहुतेक बाळांना पहिल्या दिवशी बसणारच नाही. मी आकड्यांत वावरणारी बाई आहे. पण हे साधं गणित मी केलं नाही.

बाळंतपणाला अकोल्याला माहेरी गेले. रक्तदाब वाढला आणि ३५व्या आठवड्यात, फेब्रुवारीत, सिझेरियन करावं लागलं. मुलगी तीन दिवस पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) होती. चौथ्या दिवशी सिस्टरने मला खुर्चीत रेलून बसवलं, गाऊनची बटणं सोडायला सांगितली आणि फक्त लंगोट, टोपडं नि मोजे घातलेली ती एवढीशी पोर माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली. दोन्ही पाय बेडकासारखे फाकवून, गुडघे वर मुडपून. मान एका बाजूला वळवलेली, हनुवटी किंचित वर. मग सुती कापडाची एक रुंद पट्टी तिच्या पाठीवरून माझ्याभोवती घट्ट गुंडाळली. पट्टीची वरची कड बरोबर तिच्या कानाखाली आली पाहिजे, हे सिस्टरने स्वतःचं बोट लावून दाखवलं. “नाक दिसतंय ना? दिसत राहिलं पाहिजे,” एवढंच ती दर वेळी म्हणायची.

हेच कांगारू मदर केअर. १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात, रुग्णालयात पेट्या अपुऱ्या पडतात आणि एकेका पेटीत दोन-दोन बाळं ठेवावी लागतात म्हणून डॉ. एडगर रे यांनी ही पद्धत सुरू केली. अडचणीतून निघालेला मार्ग पुढे उपचार म्हणून मान्य झाला. २०२१ मध्ये भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून झालेल्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या मोठ्या अभ्यासात असं दिसलं की अगदी कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असं छातीशी ठेवलं, तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात. आमच्या डॉक्टरांनी हे आईला समजावून सांगितलं, तेव्हा तीही पुढे झाली. मी झोपले की आई पट्टी बांधून बसायची. नवरा शनिवार-रविवारी पुण्याहून यायचा, तेव्हा तोही बसायचा.

त्या पट्टीत बाळ असताना माझे दोन्ही हात मोकळे असत. मी पोहे खाल्ले, केस विंचरले, वॉर्डाच्या बोळातून फेऱ्या मारल्या. ज्या गोष्टीसाठी मी पंधरा रात्री जागले होते ती मला फुकट मिळाली होती आणि नीट शिकवलीही गेली होती. तरी ती माझ्या लक्षात आली नाही. माझ्या लेखी ते औषध होतं, आणि कॅरिअर ही वस्तू होती. औषध दवाखान्यातलं, वस्तू घरातली. दोन्हींत एकच बाळ, एकच मान आणि एकच श्वासनलिका आहे, हा दुवा मला जोडता आला नाही. यानंतरच्या सगळ्या चुका यातून निघाल्या.

मार्चच्या मध्यावर वजन अडीच किलो झालं. ती पट्टीत वळवळायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, आता दिवसभर बांधायची गरज नाही. पट्टी धुऊन ठेवली. नेमकं त्याच सुमारास संध्याकाळचं रडणं सुरू झालं. सहा वाजले की सुरुवात, नऊपर्यंत. मांडीवर, खांद्यावर, पाळण्यात, कशानेही थांबेना. रात्री वाचता वाचता १९८६ सालचा मॉन्ट्रियलमधला एक अभ्यास सापडला: रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगावर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. मला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी खोकं खाली काढलं.

वजन तेव्हा पावणेतीन किलो. साडेतीनला पाऊण किलो कमी. मी आत दुपट्याची वळकटी ठेवून कमी पडणारी उंची भरून काढली. मुलगी वळकटीवर बसली आणि दोन मिनिटांत घसरून एका बाजूला कलंडली. तिचं तोंड माझ्या कुर्त्यात रुतत होतं म्हणून मी एका हाताने तिचं कपाळ धरून ठेवलं. हात मोकळे करणारी वस्तू आणि एक हात सतत कपाळाला! तरी मी चार दिवस ते चालवलं. पैसे गेले होते, मैत्रिणींना फोटो पाठवले होते.

तिचे पाय त्यात धड फाकत नव्हते. खालचा पट्टा तिच्या मांड्यांना आधार न देता फक्त मधोमध यायचा आणि पाय खाली लोंबायचे. तान्ह्या बाळाच्या खुब्याची वाटी अजून कूर्चेची, मऊ असते. मांडी वर मुडपलेली आणि बाजूला फाकलेली असली की मांडीच्या हाडाचा गोळा त्या वाटीत नीट बसतो आणि वाटी त्याच्याभोवती घडत जाते. पाय सरळ लोंबले तर तो बाहेरच्या दिशेने ढकलला जातो. आंतरराष्ट्रीय हिप डिस्प्लासिया इन्स्टिट्यूट म्हणूनच सांगते की कॅरिअरमध्ये गुडघे ढुंगणापेक्षा थोडे वर हवेत, मांडीला गुडघ्यापर्यंत आधार हवा. सिस्टर ‘बेडकासारखे’ म्हणायची ते हेच. आपण बाळाला कडेवर घेतो तेव्हाही पाय असेच होतात. ज्या समाजांत बाळं पाठीशी किंवा कडेवर पाय फाकवून नेतात तिथे खुब्याचा हा दोष कमी आढळतो, आणि जिथे पाय सरळ बांधून ठेवतात तिथे जास्त. पाय सरळ व्हावेत म्हणून बाळाला दुपट्यात काठीसारखं गुंडाळण्याची आपल्याकडे जी रीत आहे, ती या कारणासाठी सोडली पाहिजे. हात गुंडाळा हवं तर, कंबरेखाली पाय हलू द्या.

कंबरेचा पट्टा माझ्या टाक्यांवर येत होता, तेही मी सोसलं. आणि उन्हाळा. अकोल्याचा मार्च संपता संपता कसा असतो ते तिथल्या माणसांना सांगायला नको. मी तिला झबलं, टोपडं, वर दुपटं घालून जाड गादीच्या, कृत्रिम धाग्याच्या कॅरिअरमध्ये बसवत होते, आणि माझ्या अंगाची ऊब वेगळीच. चौथ्या दिवशी तिच्या मानेवर, छातीवर, जांघेत घामोळं फुललं, आणि अंग इतकं गरम लागलं की तापमापक लावावा लागला. कॅरिअर हा बाळाच्या अंगावरचा आणखी एक कपडा आहे हे मला कळलं नव्हतं. खोकं परत कपाटावर गेलं.

या टप्प्यावर थांबायला हवं होतं. कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, वस्तू चुकली, दुसरी हवी. परदेशात राहणाऱ्या एका नात्यातल्या बहिणीने पाठवलेल्या जुन्या कपड्यांत एक झोळणा होता. एका खांद्यावरून तिरका घालायचा, खाली खोल पिशवी, कडेला इलॅस्टिक. चांगला मऊ, सुती, वापरून आणखी मऊ झालेला. आतली चिठ्ठी धुऊन धुऊन पुसून गेली होती. कॅरिअरवर निदान आकडा होता, इथे तोही नव्हता. बाळ त्यात आडवं, पोटातल्यासारखं गोल होऊन पडायचं. मला ते फार नैसर्गिक वाटलं. आणि ती रडायची थांबली. संध्याकाळी सहाला त्यात घातली की पाच मिनिटांत शांत. दोन दिवस मी सगळ्यांना सांगत सुटले की अखेर सापडलं.

तिसऱ्या दिवशी, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास आई बँकेत गेली होती. रजेवर असूनही मी ऑफिसला एक ईमेल लिहीत होते. मुलगी झोळण्यात होती. उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून मी वरून ओढणी टाकली होती. वीस मिनिटं ती अगदी शांत होती. मी एकदाही आत पाहिलं नाही. झोपलेल्या बाळाला हलवू नये, एवढंच मला ठाऊक होतं.

मालिश करणाऱ्या मावशी आल्या. पायरीशी चप्पल काढता काढता त्या थबकल्या.

“अवो ताई, लेकरू काऊन असं घुरघुर करून राह्यलं?”

मी म्हटलं, “झोपलीय मावशी, घोरतेय.”

त्या काही न बोलता जवळ आल्या आणि ओढणी बाजूला करून पिशवीची कड दोन्ही हातांनी फाकवली. मुलीची हनुवटी तिच्याच छातीत रुतली होती. मान दुमडलेली, नाक पिशवीच्या कापडाला टेकलेलं. ओठांचा रंग उतरला होता. मावशींनी तिला उचलून गादीवर आडवं ठेवलं, मान सरळ केली, पाठीवर हात फिरवला. तिने एक मोठा श्वास ओढला आणि मग रडली. तेवढं जोरात ती जन्मल्यापासून रडली नव्हती. हळूहळू चेहरा लाल झाला. मी शेजारी उभी होते, आणि माझे हात खरंच मोकळे होते. त्या हातांनी मी काहीच केलं नाही.

मावशींनी स्वतःची तीन मुलं वावरात वाढवली. त्या मला रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “झोयी आमीबी बांधो. पण मान धरल्याबिगर लेकराले त्यात नाई टाकत.”

मी त्यांना सांगितलं, आईला बोलू नका. सगळ्या प्रकारातली ही मला सर्वांत मोठी चूक वाटते. बाळाचे ओठ निळसर झाले होते. त्या क्षणी दवाखान्यात जायला हवं होतं. मी गेले नाही, कारण गेले तर सांगावं लागलं असतं. मुलगी दूध प्यायली, खेळली, मी स्वतःला समजावलं की काही झालं नाही. मावशी रोज यायच्या, मुलीला उचलताना माझ्याकडे पाहायच्या आणि बोलायच्या नाहीत. असे सहा दिवस काढले.

दीड महिन्याची लस लांबली होती. त्यासाठी गेलो तेव्हा तीच सिस्टर होती. वजन घेताना तिने सहज विचारलं, “पट्टी सोडली का? आता कशात घेता?” आणि मी तिथे, आईसमोर, सगळं सांगून टाकलं. आई खुर्चीवर खाली बसली. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी मुलीला नीट तपासलं, छाती ऐकली, बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं. सगळं ठीक होतं. मग त्यांनी मला समोर बसवून सांगितलं ते असं.

तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास पाव असतं. मान ते पेलू शकत नाही. श्वासनलिका अरुंद आणि मऊ असते. हनुवटी छातीला टेकली की ती नळी दबते, जशी बागेतली पाण्याची नळी वाकवली की धार बारीक होते. मोठं माणूस झोपेतही मान फिरवेल. हे बाळ फिरवू शकत नाही, आणि श्वासच कमी मिळत असल्याने रडूही शकत नाही. म्हणून अशी बाळं गप्प असतात. नाकावर कापड दाबलं गेलं तर एक-दोन मिनिटंही पुरतात. दिवसांआधी जन्मलेल्या, कमी वजनाच्या, सर्दी झालेल्या आणि चार महिन्यांच्या आतल्या बाळांना हा धोका सर्वांत जास्त. घुरघुर, कण्हल्यासारखा आवाज, नाकपुड्या फुलणं, या खुणा झोपेच्या नाहीत, त्रासाच्या आहेत.

घरी येऊन मी शोधलं. खोल पिशवीच्या अशा झोळण्यांबद्दल अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्येच इशारा दिला होता. त्याआधीच्या वीस वर्षांत किमान १४ बाळं दगावल्याची नोंद होती, त्यातली १२ चार महिन्यांच्या आतली. त्याच महिन्यात एका कंपनीला असे सुमारे दहा लाख झोळणे परत मागवावे लागले. मी ज्याला नैसर्गिक म्हणत होते तो आकार इतक्या वर्षांपूर्वी धोक्याचा ठरला होता. कॅरिअरसाठी पंधरा रात्री, आणि झोळण्यासाठी पंधरा मिनिटंही नाहीत, असा माझा शोध होता.

त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीतच सिस्टरने दुसरं एक कापड आणलं होतं. पावणेपाच-पाच मीटर लांब, पाऊण मीटर रुंद, साधं विणीचं सुती. “हे त्या पट्टीचंच मोठं रूप आहे,” म्हणाली. कापडाचा मध्य छातीवर, दोन्ही टोकं पाठीवर तिरकी ओलांडून खांद्यावरून पुढे, बाळ खिशात, मग टोकं बाळाच्या मांड्यांखालून ओलांडून मागे किंवा कडेला गाठ. आधी तिने बाळाऐवजी दोन किलो तांदळाची पिशवी घालून माझ्याकडून सहा वेळा बांधून घेतलं. मी वाकले की पिशवी छातीपासून सुटायची, म्हणजे बांधणं सैल. सहाव्या वेळी सुटली नाही. मग मुलगी. आणि ती जशी छातीला लागली तशी मला ती फेब्रुवारीतली खुर्ची आठवली. तेच पाय, तीच वळवलेली मान, कानाखाली तीच कड.

ब्रिटनमधल्या झोळणे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांच्या संघटनेने २०१० साली पाच गोष्टींचा एक नियम काढला, तो पुढे मी स्वयंपाकघराच्या दारावर लिहून चिकटवला. बांधणं घट्ट असावं. बाळाचा चेहरा मान खाली घातली की कायम दिसावा, वर ओढणी-पदर काही नको. मान झुकवून टाळूचा पापा घेता यावा इतकं बाळ वर असावं. हनुवटीखाली निदान एक बोट मावावं. आणि पाठीला आधार असा हवा की पाठीवर हलकं दाबलं तर बाळ मुटकुळं होऊन खाली सरकू नये. त्या झोळण्यात यातली एकही गोष्ट होत नव्हती, आणि तपासायला अर्धं मिनिट लागलं असतं.

एक गोष्ट मला मनापासून वाटते, ती सांगते. बाजारातली ही सगळी कॅरिअर मुळात बायांच्या कापडातूनच निघाली आहेत. अ‍ॅन मूर ही अमेरिकी परिचारिका १९६०च्या दशकात टोगोमध्ये काम करत असताना तिथल्या आया बाळं पाठीशी बांधून नेताना तिने पाहिल्या आणि मायदेशी परतल्यावर ‘स्नगली’ हे कॅरिअर बनवलं. १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. जर्मनीत एरिका हॉफमन यांनी मेक्सिकोच्या रेबोसो या शालीवरून प्रेरणा घेऊन स्वतःच्या जुळ्यांसाठी कापड वापरलं आणि १९७२ मध्ये ‘डिडिमॉस’ ही कंपनी सुरू केली. पण म्हणून जुनं ते सगळं सुरक्षित, असं मी म्हणणार नाही. आढ्याला साडीची झोळी टांगून त्यात तान्हं बाळ झोपवण्याची आपली पद्धतही त्याच खोल पिशवीसारखी आहे. त्यात हनुवटी तशीच छातीला टेकते. माझ्या आईने हौसेने टांगलेली झोळी आम्ही दवाखान्यातून आल्यावर त्याच संध्याकाळी उतरवली. तिला वाईट वाटलं, तरी गाठ तिनेच सोडली. मावशींचं ‘मान धरल्याबिगर नाही’ हे मात्र जुनं असून बरोबर होतं.

मे अखेरीस पुण्याला आले. तिथे आणखी दोन चुका केल्या, थोडक्यात सांगते. मुलगी कापडात असताना गॅससमोर फोडणी केली. मोहरी उडाली, तेलाचे थेंब तिच्या दुपट्यावर पडले, अंगावर पडले नाहीत हे दैव. तेव्हापासून ती अंगावर असताना गॅस, गरम चहा, सुरी काहीही नाही. दुसरी, लसीला जाताना मी तिला बांधून स्कूटरवर मागे बसले. सिग्नलला नवऱ्याने ब्रेक दाबला आणि माझा सगळा भार तिच्यावरून त्याच्या पाठीवर गेला. पडलो असतो तर ती आम्हा दोघांच्या मधे होती. कॅरिअर हे वाहनातलं सुरक्षासाधन नाही. दुचाकीवर मुलांसाठी हार्नेस आणि हेल्मेट बंधनकारक करणारा केंद्राचा २०२२ चा नियमही हेल्मेट नऊ महिन्यांपासून पुढच्या मुलांनाच सांगतो. त्याआधीची मान हेल्मेट पेलू शकत नाही. अशा बाळाला दुचाकीवर नेऊच नये. आम्ही रिक्षाने जायला लागलो.

कपाटावरचं खोकं ऑगस्टमध्ये पुन्हा खाली आलं. तेव्हा मुलगी सहा महिन्यांची, सहा किलोंच्या पुढे, मान धरलेली. बैठक रुंद करून बसवली तर गुडघे बरोबर वर आले. नवरा तिला त्यात घेऊन सकाळी तळजाई टेकडी चढायचा. दोन वर्षं ते आम्ही रोज वापरलं. चांगलं कॅरिअर होतं ते. त्यावर लिहिलेलं सगळं खरं होतं.

आता ओळखीतली कुणी गरोदर मुलगी विचारते, कोणतं घेऊ, तर मी तिला आधी थांबायला सांगते. बाळ होऊ दे, वजन होऊ दे, मग त्या वजनाला बसणारं घे. दिवसांआधी झालं किंवा वजन कमी भरलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बांधू नको. पहिल्या तीन-चार महिन्यांना सुती कापड पुरतं, पण ते माणसाकडून शीक, व्हिडिओवरून नको. तांदळाची पिशवी घालून बांध आणि कुणाला तरी पाहायला लाव. सिझेरियन झालं असेल तर कंबरेचा पट्टा टाक्यांच्या वर घे. आणि बाळ गप्प झालं की आत बघ. दर पाच मिनिटांनी बघ.

तो झोळणा माझ्याकडे वर्षभर पडून होता. नात्यातल्या एकीला सातवा लागला, तेव्हा आईने बाळाच्या कपड्यांचं गाठोडं तिच्याकडे पाठवायला काढलं. त्यात घड्या घालून तोही ठेवलेला होता. आपल्याकडे बाळाचे कपडे असेच घराघरांतून पुढे जातात, आणि त्यात काही वाईट नाही. मी तो बाजूला काढला आणि कात्रीने मधोमध उभा कापला, म्हणजे भंगारातूनही कुणी उचलून वापरणार नाही. तुमच्या घरातल्या गाठोड्यात अशी खोल पिशवी असेल, तर ती कुणाला देऊ नका. कापून टाका.